कडक माणूस आणि रिकामं कोठार

'आता इथे एखादा कडक माणूसच पाहिजे,' हे वाक्य संकट आलं की गावच्या पारापासून कंपनीच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्याला इतिहासातला दाखला हवा असला, की हमखास पुढे केलं जाणारं एक ठिकाण म्हणजे जेम्सटाऊन. आजच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदीच्या काठी १६०७ साली वसलेली, तिथे तग धरून राहिलेली इंग्रजांची पहिली वसाहत. गोष्ट साधारण अशी सांगतात. आळशी, भांडखोर लोक तिथे उपाशी मरत होते. मग कॅप्टन जॉन स्मिथ नावाच्या खमक्या माणसाने 'जो काम करणार नाही त्याला खायला मिळणार नाही' असा दंडक घातला आणि वसाहत सावरली. स्मिथ परत गेला, पुन्हा उपासमार झाली. शेवटी त्याच्याहूनही कडक असा सर टॉमस डेल आला, त्याने कामचुकारांना फासावर चढवलं आणि सगळं मार्गी लागलं.

गोष्ट सुटसुटीत आहे. धान्य कुठून आलं, एवढंच तिच्यात सांगितलेलं नाही. आणि तो प्रश्न विचारायला लागलं की कडक माणसाच्या नावावरचं श्रेय भराभर कमी होत जातं, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात लंडनपासून करायला हवी, कारण या वसाहतीचे खरे मालक तिथे होते. एप्रिल १६०६ मध्ये राजा पहिल्या जेम्सने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. कंपनी भागधारकांची, तिचा खजिनदार, म्हणजे खरा प्रमुख, सर टॉमस स्माइथ. हे नाव आपल्यालाही परकं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर तोच, आणि दोन्ही कंपन्यांच्या बैठका लंडनमध्ये त्याच्या घरी भरत. पहिल्या तीन जहाजांचा ताफा व्हर्जिनियाला नेणारा कॅप्टन ख्रिस्तोफर न्यूपोर्टही पुढे इकडच्या समुद्रात आला. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी जायला सुरतेला उतरला, तो न्यूपोर्टच्या 'लायन' जहाजातून. व्हर्जिनिया आणि सुरत या त्या लोकांच्या हिशेबात एकाच वहीतल्या दोन नोंदी होत्या.

कंपनीने निघताना लेखी सूचना दिल्या होत्या. त्या मुळात वाचण्यासारख्या आहेत. दलदलीच्या, सखल जागी वस्ती करू नका, तिथे प्रकृती बिघडेल, असं त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे सगळा दोष लंडनवर टाकता येणार नाही. वसाहतवाल्यांनी नेमकी तशीच जागा निवडली, कारण तिथे पाणी काठालगत खोल होतं, जहाजं थेट झाडांना बांधता येत आणि स्पॅनिश हल्ल्यापासून आडोसा होता. पण त्याच सूचनांमध्ये आणखी एक कलम आहे: इतरांचा हुरूप खचेल असं काहीही कोणाला पत्रातून कळवू द्यायचं नाही. पहिला माणूस मरण्याआधीच वाईट बातमीवर बंदी घालून झाली होती. माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली या कलमात आहे. ज्याने धान्य पाठवायचं, त्याला इथलं कोठार रिकामं आहे हे कळूच द्यायचं नाही, अशी ही व्यवस्था होती.

मे १६०७ मध्ये शंभर-सव्वाशेच्या आतले पुरुष आणि मुलगे जेम्सटाऊनला उतरले. त्यांतले जवळपास निम्मे 'जेंटलमन' म्हणून नोंदवलेले, म्हणजे हाताने काम करायची सवय नसलेले. कारभार सात जणांच्या मंडळाकडे होता, आणि त्यांची नावं मोहोरबंद पेटीत ठेवून पाठवलेली. किनाऱ्याला लागेपर्यंत नेता कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. पेटी उघडली तर त्यात जॉन स्मिथचंही नाव निघालं, आणि तो तर बंडाच्या आरोपावरून प्रवासभर कैदेत होता. अशा मुहूर्तावर सुरू झालेला कारभार काय चालणार? उन्हाळ्यात नदीचं पाणी मचूळ झालं. तेच प्यायचं. हगवण, ताप, सूज. शिधा म्हणजे पाण्यात उकडलेले गहू आणि जव, तेही जहाजाच्या तळात महिनोन्महिने राहून किडलेले. ऑगस्टमध्ये मंडळातला शहाणा माणूस, बार्थोलोम्यू गॉस्नोल्ड, मेला. सप्टेंबरात अध्यक्ष एडवर्ड मारिया विंगफील्डला पदावरून काढलं. त्याच्यावरचा मुख्य आरोप काय, तर अन्न दडवल्याचा. एकाला कोंबडी नाकारली, चमचाभर बिअर नाकारली, अशा त्या तक्रारी. विंगफील्डने लेखी खुलासा केला, की मी एकदाच खार भाजून खाल्ली आणि त्यातलाही वाटा मंडळातल्याच आजारी रॅटक्लिफला दिला. आज हसू येतं. पण मला वाटतं त्या उपाशी लोकांना नेतृत्वाचा मुद्दा नंतरच्या इतिहासकारांपेक्षा चांगला कळला होता. अध्यक्ष शूर आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. कोठाराची किल्ली ज्याच्याकडे आहे तो आमच्याइतकंच खातो का, हे त्यांना हवं होतं.

जानेवारी १६०८ मध्ये न्यूपोर्ट रसद घेऊन परतला तेव्हा अडतीस जण जिवंत होते. तेही जगले कसे? जॉर्ज पर्सी हा एका अर्लचा, म्हणजे बड्या इंग्रज उमरावाचा, धाकटा भाऊ तिथेच होता. त्याने लिहून ठेवलं आहे की शरद ऋतूत स्थानिक लोकांनी मका, भाकरी, मासे आणून दिले म्हणून. आपले शत्रूच आपल्या मदतीला आले, असं त्याला नवल वाटलं. हे शत्रू म्हणजे पॉहॅटन राजाच्या अधिकाराखालच्या तीसेक जमातींचे लोक. ती जमीन त्यांची होती आणि शेती त्यांच्या बायका करत.

आता जॉन स्मिथ. सप्टेंबर १६०८ मध्ये तो अध्यक्ष झाला आणि वर्षभर राहिला. त्याच्या काळात मृत्यू कमी झाले, हे मान्य केलंच पाहिजे. 'काम नाही तर अन्न नाही' हा बायबलमधला दंडक त्याने खरोखर लागू केला, विहीर खणवली, शेत पेरायला लावलं. शेतकऱ्याचा मुलगा, भाडोत्री शिपाई म्हणून पूर्व युरोपात लढलेला. खानदानी मंडळींची भीड त्याला नव्हती. पण त्याचं कर्तृत्व त्या दंडकात होतं असं मला वाटत नाही. त्याला स्थानिक भाषा थोडीफार येत होती, कोणत्या गावात किती मका आहे हे तो स्वतः नदीनाले पालथे घालून पाहून आला होता, आणि काय पाठवा हे लंडनला तोंडावर सांगायची हिंमत त्याच्यात होती. १६०८ च्या शेवटी कंपनीने हुकूम पाठवला: सोन्याचा गोळा तरी द्या, दक्षिण समुद्राची, म्हणजे पॅसिफिकची, वाट तरी शोधा, नाहीतर पूर्वीच्या रोआनोक वसाहतीतला एखादा हरवलेला माणूस तरी सापडवा. स्मिथने उलट पत्र धाडलं: आमच्यासारखे हजार जण पाठवण्यापेक्षा तीस सुतार, शेतकरी, माळी, कोळी, लोहार, गवंडी आणि झाडांची मुळं खणणारे पाठवा, नीट सामानासकट. वाईट बातमी कळवायची नाही हा नियम त्याने मोडला, आणि नेता म्हणून त्याने केलेलं सर्वांत मोठं काम मी हेच धरीन.

आणि १६०९ च्या वसंतात, जहाजांतून आलेल्या उंदरांनी साठवलेला मका फस्त केल्यावर, या कडक माणसाने काय केलं? किल्ल्यात शिस्त आणखी आवळली नाही. काहींना खाली कालवांच्या खडकांवर पाठवलं, काहींना मासेमारीला, काहींना तर स्थानिकांच्या गावांत राहायला. जिथे अन्न होतं तिथे माणसं पाठवली. त्याच्या चरित्रातला हा भाग शिस्तीच्या कथेत बसत नाही, म्हणून सहसा सांगितला जात नाही.

त्याची दुसरी बाजू मात्र झाकता येणार नाही. स्मिथने मका विकत घेतला तसा हिसकावूनही आणला. जानेवारी १६०९ मध्ये त्याने ओपेचॅन्कनॉ या सरदाराचे केस धरून छातीला पिस्तूल लावलं आणि त्याच्या माणसांकडून धान्य वसूल केलं. त्याच दिवसांत पॉहॅटन त्याला म्हणाल्याचं इंग्रजांच्याच कागदात आहे: जे प्रेमाने मिळू शकतं ते बळजबरीने का घेता? जे तुम्हाला अन्न पुरवतात त्यांचाच नाश का करता? या प्रश्नामागे एक गोष्ट होती, ती तेव्हा इंग्रजांच्या लक्षात आली नाही. १९९८ साली शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातली वर्तुळं तपासली. १६०६ ते १६१२ ही सात वर्षं तिथल्या जवळजवळ पावणेआठशे वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं निघाली. पॉहॅटनच्या लोकांच्या घरातही मका पुरेसा नव्हता. पिस्तूल लावून आणलेलं प्रत्येक पोतं दुष्काळात सापडलेल्या घरातून उचललेलं होतं. दुष्काळात दारावर येऊन दाणे उचलून नेणारा किती कर्तबगार होता, हे ज्याचे दाणे गेले त्याला विचारून पाहावं.

याचं व्याज पुढच्या हिवाळ्यात चुकवावं लागलं. दरम्यान लंडनने कारभार सुधारायचं ठरवलं होतं, आणि सुधारणा म्हणजे काय तर मंडळ रद्द करून एकाच गव्हर्नरला सर्वाधिकार. मे १६०९ ची नवी सनद, नऊ जहाजं, पाचेकशे माणसं. गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर मागून येणार, तोपर्यंत सर टॉमस गेट्स. आता या सर्वाधिकारी मंडळींचा पहिला निर्णय पाहा. गेट्स, अॅडमिरल सॉमर्स आणि न्यूपोर्ट या तिघांत मान कोणाचा पहिला यावरून वाद होता. कोणी आधी पोहोचून मोठा होऊ नये म्हणून तिघेही एकाच जहाजातून निघाले. तेच जहाज वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांवर आदळलं. बाकीची बहुतेक जहाजं ऑगस्टमध्ये शेकडो माणसं आणि थोडंसं धान्य घेऊन, पण अधिकारपत्राविना, जेम्सटाऊनला लागली. स्मिथचे जुने वैरी त्यांत होतेच. शरदात बारूद पेटून स्मिथ भाजला आणि ऑक्टोबरात मायदेशी निघाला. अध्यक्षपद पर्सीकडे आलं.

नोव्हेंबरपासून पॉहॅटनने किल्ल्याची नाकेबंदी केली. रॅटक्लिफ मक्याच्या बोलण्यासाठी गेला आणि मारला गेला. नॅन्समंड भागात काही इंग्रज मेलेले सापडले, त्यांच्या तोंडात भाकरी कोंबलेली होती. एवढं स्पष्ट उत्तर दुसरं कोणतं देता आलं असतं? किल्ल्यात आधी घोडे खाल्ले गेले, मग कुत्री, मांजरं, उंदीर, साप, बुटांचं कातडं. त्यानंतरचं पर्सीने लिहिलं तेव्हा अनेकांनी अतिशयोक्ती समजून सोडून दिलं. २०१२ मध्ये किल्ल्याच्या उत्खननात चौदा वर्षांच्या आसपासच्या इंग्रज मुलीच्या कवटीचा भाग सापडला, मेल्यानंतर मांस काढण्यासाठी केलेल्या घावांच्या खुणांसह. वसंत आला तेव्हा त्या किल्ल्यात साठच्या आसपास माणसं उरली होती.

या हिवाळ्यात कडकपणा कमी पडला असं म्हणणाऱ्यांसाठी पर्सीनेच दोन घटना नोंदवून ठेवल्या आहेत. एक, फ्रान्सिस वेस्टची. तो गव्हर्नर डी ला वॉरचा भाऊ. त्याला जहाज देऊन पटावोमेक लोकांकडून मका आणायला पाठवलं. त्याने क्रूरपणे का होईना, जहाज भरून मका मिळवला, आणि भरलेलं जहाज घेऊन सरळ इंग्लंडला निघून गेला. दोन, नदीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याची. मे १६१० मध्ये पर्सी तिथे गेला तर तिथली शिबंदी धडधाकट होती. खेकडे इतके की ते डुकरांना घातले जात होते. वर जेम्सटाऊनला माणसं माणसांना खात असताना खाली डुकरं पोसली जात होती, आणि कोणी वर कळवलं नव्हतं. यावर कोणता फटका चालवायचा? उपाशी माणसाला धाक दाखवून पोटभर जेवलेल्याचं तोंड उघडत नाही. आणि पर्सीलाही विचारता येईल, की मेपर्यंत तू खाली का गेला नाहीस?

गेट्स बर्म्युडात बांधलेल्या दोन गलबतांतून त्याच महिन्यात आला, किल्ल्याची अवस्था पाहिली, लष्करी कायदा लावला आणि पंधरवड्यात वसाहत सोडून सगळे निघाले. नदीतच डी ला वॉरने पुढे धाडलेली होडी भेटली म्हणून परत फिरले. इथून शिस्तप्रेमींचा आवडता अध्याय सुरू होतो. कोठारातून चोरलं तर मृत्यू, परवानगीशिवाय जनावर मारलं तर मृत्यू, स्थानिकांकडे पळून गेलं तर मृत्यू. डेलच्या काळात पळालेल्यांना पकडून फाशी, जाळणं, चाकावर हाडं मोडणं हे सगळं झालं. अन्न चोरणाऱ्यांना झाडाला बांधून उपाशी मरू दिल्याचं पर्सी लिहितो. लोक पळत कुठे होते हेही ध्यानात घ्यावं: जिथे मका होता तिथे.

आणि या शिस्तीने अन्न वाढलं का? ऑगस्ट १६१० मध्ये डी ला वॉरच्या हुकमावरून पर्सीने पास्पाहे जमातीच्या गावावर हल्ला केला, माणसं कापली, राणीच्या मुलांना नदीत फेकून गोळ्या घातल्या, आणि शेतात उभा असलेला मका तोडून टाकला. तीन महिन्यांपूर्वी बुटांचं कातडं शिजवणाऱ्या वसाहतीने उभं पीक तोडलं! हे हुकूम पाळण्याचं उत्तम उदाहरण आहे, यात शंका नाही. डी ला वॉर स्वतः आजारी पडून मार्च १६११ मध्ये निघून गेला. मे महिन्यात डेल आला तेव्हा लोक रस्त्यात चेंडूचा खेळ खेळत होते आणि मका पेरलेला नव्हता, असं वसाहतीचा चिटणीस राल्फ हॅमर सांगतो. हे वाक्य लोकांच्या आळसाचा पुरावा म्हणून चारशे वर्षं वापरलं जातंय. मला त्यात दुसरंच दिसतं. लष्करी कायदा लागून तेव्हा वर्ष झालं होतं.

बदल कशाने झाला हेही हॅमरच सांगतो. १६१३-१४ च्या सुमारास डेलनेच जुन्या वसाहतकऱ्यांना तीन-तीन एकर जमीन खंडाने दिली: कंपनीला अडीच पिंप मका आणि वर्षातून एक महिना काम, तेही पेरणी-कापणीच्या दिवसांत नाही. सामाईक शेतात तीस जण पिकवत नव्हते तितकं तिघे स्वतःसाठी पिकवू लागले, असा हॅमरचा हिशेब. काही लोक लगेच यातून खाजगी मालकीचा विजय काढतात. मी तितकं पुढे जाणार नाही. याच वेळी १६१४ मध्ये पॉहॅटनशी तह झाला होता, त्यामुळे शेतात जाणारा माणूस बाण न लागता परत येत होता. आणि तो तह त्याच्या मुलीला, पोकाहॉन्टसला, पळवून ओलीस ठेवल्यावर झाला होता. दुष्काळही सरला होता. आणि खाजगी जमिनीने भूक कायमची मिटवली असं तर मुळीच नाही. तंबाखूला भाव आला तसे लोक मक्याऐवजी तंबाखू लावू लागले, नव्या जमिनींसाठी स्थानिकांना रेटू लागले. मार्च १६२२ मध्ये ओपेचॅन्कनॉने, त्याच पिस्तूल लावलेल्या सरदाराने, एका सकाळी ३४७ इंग्रज मारले. त्यानंतरच्या वर्षी रिचर्ड फ्रेथॉर्न नावाचा करारबद्ध चाकर आईबापांना पत्रातून विनवत होता की मला सोडवून न्या, इथे पातळ पेज आणि वाटाण्याखेरीज काही नाही. मालक तंबाखूवर श्रीमंत होत होते.

हे सगळं अमेरिकेतच घडलं असं नाही. मुंबई ताब्यात घ्यायला १६६२ मध्ये निघालेले सर अब्राहम शिपमनचे चारेकशे इंग्रज शिपाई पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट द्यायला नकार दिल्यावर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दोन पावसाळे पडून राहिले. शिपमनसकट बहुतेक तिथेच मेले. हुकूम लंडनचा, नकार गोव्याचा, मरण शिपायांचं.

डेल १६१६ मध्ये व्हर्जिनियातून परतला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याचा सेनापती म्हणून पूर्वेकडे आला. १६१९ मध्ये मछलीपट्टणला वारला. स्माइथ शेवटपर्यंत लंडनचा मातब्बर व्यापारी राहिला. सहा हजारांहून अधिक माणसं पाठवून बाराशेच्या आसपास उरली, तेव्हा १६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द केली. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या सभेने पहिल्या बारा वर्षांबद्दल, म्हणजे स्माइथच्या काळाबद्दल, निवेदन पाठवलं. कडक कारभाराखाली प्रत्यक्ष जगलेल्या लोकांचं मत त्यात नोंदलेलं आहे. माणशी रोजचा शिधा आठ औंस पीठ आणि अर्धा पाइंट वाटाणे, दोन्ही बुरसलेले, जळमटं आणि अळ्यांनी भरलेले, जनावरालाही न चालणारे, असं ते लिहितात. फासावर गेलेल्यांची आणि चाकावर मोडलेल्यांची आठवण काढतात. आणि शेवटी राजाला विनंती करतात: पुन्हा त्या कारभाराखाली ठेवण्यापेक्षा आम्हाला फाशी देण्याचे अधिकार देऊन आपले अधिकारी पाठवा.